पाच कलांची पाच युनिटं नकोत, एकच वस्तू घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर ‘सौंदर्यशिक्षण’ हा दोन क्रेडिटचा खुला ऐच्छिक विषय तयार करण्याची जबाबदारी आली आहे. वर्गात बीएस्सी, बीकॉम, बीसीए, बीए अशी मिळून साठेक मुलं असतील. त्यांनी केलेल्या आराखड्यात चित्र, संगीत, नाटक, चित्रपट आणि वास्तुकला अशी पाच युनिटं आहेत. प्रत्येकाला सहा तास, प्रत्येकासाठी वेगळा शिक्षक आणि शेवटी लेखी परीक्षा. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: युनिटांचा क्रम बरोबर आहे का, मूल्यमापन कसं करावं, आणि ‘मी स्वतः गात नाही, चित्र काढत नाही, मग हा विषय माझ्याकडे असावा का?’

मी दक्षिण महाराष्ट्रात तत्त्वज्ञान विभागात सौंदर्यशास्त्र शिकवते. भौतिकशास्त्र, संगीत आणि वाणिज्य विभागांतल्या सहकाऱ्यांबरोबर असाच एक अभ्यासक्रम बरीच वर्षं चालवते आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

क्रमाचं उत्तर लगेच देता येईल. संगीत आधी घ्या किंवा वास्तुकला आधी घ्या, फारसा फरक पडणार नाही. मला अडचण वेगळीच दिसते. पाच कलांना पाच युनिटं दिली की पाच विषय एकमेकांशेजारी बसतात, त्यांची गाठ कुठेच पडत नाही. चित्रकलेचे शिक्षक येतील, सहा तासांत गुहाचित्रांपासून आधुनिक चित्रकार रझांपर्यंत स्लाइड्स दाखवतील आणि जातील. मग संगीताचे शिक्षक दहा थाट सांगतील. भौतिकशास्त्राच्या मुलाला या तीस तासांत आपलं भौतिकशास्त्र एकदाही वापरावं लागणार नाही. बीकॉमची मुलगी पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून येईल आणि शेवटच्या दिवशी पाहुणी म्हणूनच निघेल. विद्याशाखा एकत्र येतात त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात, वेळापत्रकाच्या चौकटीत नव्हे. त्या तिथे याव्यात यासाठी काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. ‘सौंदर्यशिक्षण’ या नावाखाली आपल्याकडे तीन वेगळी कामं चालतात. एक म्हणजे कलेचं प्रशिक्षण, म्हणजे गायला किंवा चितारायला शिकवणं. ते दोन क्रेडिटमध्ये होत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय यांच्यासारख्या संस्था त्यासाठीच आहेत. दुसरं म्हणजे कलांची माहिती: कालखंड, शैली, नावं. ती मुलांच्या खिशातल्या फोनवर आहे आणि त्यांना ती तुमच्यापेक्षा लवकर सापडते. तिसरं काम सर्वांत अवघड आहे. एखाद्या गोष्टीकडे पुरेसा वेळ लक्ष देता येणं, जे दिसलं-ऐकलं ते नेमक्या शब्दांत सांगता येणं, आपल्या पसंतीला कारण देता येणं आणि दुसऱ्याचं कारण पटलं तर पसंती बदलता येणं. यासाठी शिक्षक लागतो, वर्ग लागतो आणि वेगळं ऐकणारा शेजारी लागतो. म्हणून विद्यापीठाने हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगते. पंचवीस मुलं आणि एकशेवीस मुलं यांच्यासाठी एकच अभ्यासक्रम चालत नाही. दोन शिक्षक एकाच वेळी वर्गात उभे राहिले तर तास कुणाच्या कार्यभारात धरायचा, यावरून चांगल्या योजना अडतात. तुमचं महाविद्यालय स्वायत्त असलं तरी हा प्रश्न सुटलेला असेल असं नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला नियोजनाच्या बैठकांचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे सगळी योजना त्याच्या उत्साहावर उभी करू नये. आणि गावाजवळ काय आहे, याने तर सगळंच बदलतं. पुढे जे लिहिलं आहे त्यातली पद्धत उचला, वस्तू तुमची तुम्ही निवडा.

आमची पद्धत अशी: संपूर्ण सत्रात एकच वस्तू. तिच्याबद्दल प्रश्न पडत जातात आणि ज्या प्रश्नाला ज्या विद्येची गरज लागते ती विद्या त्या वेळी वर्गात येते. आधी वस्तू, मग प्रश्न, मग विषय.

आम्हाला मिरज जवळ आहे, म्हणून आम्ही तंबोरा घेतला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी काही कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरज हे या वाद्यांचं मोठं केंद्र झालं. मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण यातलं काहीही आम्ही पहिल्या तासाला सांगत नाही. पहिल्या तासाला तंबोरा वर्गात आणतो, लावतो आणि छेडत राहतो. मुलांना एवढंच सांगतो, ‘कानाला काय ऐकू येतंय ते लिहा. आवडलं-नावडलं नंतर.’

सुरुवातीला बहुतेक वह्यांत ‘शांत वाटलं’, ‘देवळात बसल्यासारखं वाटलं’ असं येतं. हे चुकीचं नाही, पण ते तंबोऱ्याबद्दल नसून लिहिणाऱ्याबद्दल आहे. मग आम्ही विचारतो: आवाज किती आहेत? कुठला आधी संपतो? तार छेडल्यावर आवाज लगेच मोठा होतो की थोड्या वेळाने फुलतो? पुन्हा ऐकवतो. हळूहळू वाक्यं बदलतात. कुणी लिहितं की शेवटची जाड तार छेडल्यावर बऱ्याच उंचावरचा एक सूर येतो आणि तो तर कुणी वाजवलेलाच नाही. संगीत शिकलेल्या मुलांना माहीत असतं की हा खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार. पण त्यांना आम्ही थोडा वेळ गप्प बसवतो. ज्यांना त्याचं नाव माहीत नाही, त्यांनी तो आधी ऐकावा.

त्यानंतर संगीताचे सहकारी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांखाली असलेला दोरा बाजूला सरकवतात. तोच तंबोरा, त्याच तारा, तीच बोटं, आणि आवाज एकदम कोरडा होतो. दोरा जागेवर आणला की झणकार परत येतो. आता वर्गाला प्रश्न पडलेला असतो आणि तो सगळ्यांचा असतो: एवढ्याशा दोऱ्याने असं काय झालं?

इथे भौतिकशास्त्र येतं, आणि ते आलं की मुलं त्याला उपरं मानत नाहीत. घोडीचा माथा धारेसारखा नसतो, तो रुंद आणि किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर, सतत जागे होत राहतात. दोऱ्यामुळे तो स्पर्श नेमका जुळवता येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो ते स्वरांश आवाजात असू नयेत, असा जुना नियम होता; तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे त्यांनी नोंदवलं. आमचे विद्यार्थी फोनवर ध्वनिमुद्रण करतात, ऑडॅसिटीसारख्या मोफत साधनात त्याचा आलेख काढतात आणि दोरा असताना-नसताना काय फरक पडतो ते डोळ्यांनी बघतात. बीएस्सीची मुलं इथे बीएच्या मुलांना समजावून सांगतात. पुढच्याच तासाला उलटं होतं, कारण आलेखात दिसणाऱ्या रेषांपैकी ‘गोड’ कुठली आणि ‘कर्कश’ कुठली, हे आलेख सांगत नाही.

ते सांगतो कारागीर. घोडीचा माथा असा जुळवून झणकार आणणं म्हणजे जवारी काढणं. ती काढणारा माणूस घोडी कानसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित कानसतो. कधी थांबायचं हे तो कशावरून ठरवतो? त्याच्याकडे शब्द असतात: जवारी खुली, जवारी बंद. गवयाचा आवाज कसा आहे, त्याला काय हवंय, हे त्याला विचारावं लागतं. सौंदर्याचा निर्णय कसा घेतला जातो हे दाखवायला याहून चांगला धडा मला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही. तो निर्णय हातांनी घेतला जातो, तो व्यक्तिसापेक्ष असतो आणि तरी मनमानी नसतो. जवारी बिघडली तर दहा जाणकारांना ते कळतं.

मग वाणिज्याची मुलं पुढे येतात. भोपळा कुठून येतो, लाकूड कुठलं, एका वाद्याला किती मजुरी, विक्रेता किती ठेवतो? पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांनी ते बंद झालं, मग पर्यायी साहित्याने आवाजात आणि किमतीत काय फरक पडला? इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि फोनवरचं फुकट अॅप आल्यावर मागणीचं काय झालं? मानांकनाचा फायदा नेमका कुणाला होतो? मुलं कारागिराच्या परवानगीने एक साधा खर्चाचा तक्ता करतात. त्याच आठवड्यात एक गायिका वर्गात येते आणि एकच आलाप आधी अॅपबरोबर, मग तंबोऱ्याबरोबर गाते. काही मुलांना फरक कळत नाही आणि ती तसं प्रामाणिकपणे लिहितात. अशा नोंदी आम्ही आवर्जून वर्गात वाचून दाखवतो, कारण चर्चा तिथूनच सुरू होते.

तत्त्वज्ञान यानंतर येतं. मी स्वतः तत्त्वज्ञानाची असून हे म्हणते आहे. सुरुवातीलाच नऊ रसांचा तक्ता दिला की मुलं ‘हा शांत रस’ अशी चिठ्ठी चिकटवतात आणि ऐकणं थांबवतात. भारतीय ज्ञानप्रणालीचा भाग म्हणून रसविचार घ्या असा आग्रह तुम्हालाही होईल. जरूर घ्या, फक्त मुलांच्या वहीत अनुभव जमा झाल्यावर घ्या. ‘माझं दुःख आणि रंगमंचावरचं दुःख यांत फरक काय’ हा प्रश्न त्यांना पडला की भट्टनायकांनी मांडलेलं आणि अभिनवगुप्तांनी पुढे नेलेलं साधारणीकरण, म्हणजे भावना एका व्यक्तीची न राहता सगळ्यांची होणं, अर्ध्या तासात समजतं. कवी आणि सौंदर्यमीमांसक मर्ढेकरांची लयीची कल्पना, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल, तंबोऱ्यावर लावून बघायला आम्ही सांगतो. अखंड, संथ वाटणाऱ्या या नादात विरोध आहे का? कुणी म्हणतं नाही, म्हणून तंबोरा ही स्वतंत्र कलाकृती नव्हे, ती पार्श्वभूमी. कुणी म्हणतं पंचम आणि खर्ज यांच्यामध्ये ताण आहे. दोघांनाही वहीतल्या नोंदी काढून दाखवाव्या लागतात.

सौंदर्यमीमांसक रा. भा. पाटणकरांनी सौंदर्यविचारात अलौकिकतावादी (कलेचं जग रोजच्या जगण्यापासून वेगळं मानणारा) आणि लौकिकतावादी (ते जगण्याशी जोडलेलं मानणारा) असे दोन ध्रुव दाखवले. माझ्या मते महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात उपयोगी भेद हाच आहे. नाद ऐकताना तो कुणी घडवला, त्याला काय मिळालं, हे विसरायचं की लक्षात ठेवायचं? विचारवंत शरद पाटील आणि दलित लेखक शरणकुमार लिंबाळे यांनी सौंदर्यशास्त्राला जातीचा प्रश्न विचारला तो इथे आणावाच लागतो. वाद्य घडवणारी बहुतेक घरं मुसलमान कारागिरांची, ते वाजतं देवळातल्या कीर्तनात आणि मैफिलीत, आणि गवयाचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापलं जातं तसं घडवणाऱ्याचं नाही. तुमच्या वर्गात कारागीर जातींमधली मुलं असतील. ‘सुंदर म्हणजे काय’ हे त्यांच्या घरातही रोज हातांनी ठरवलं जातं, हे या अभ्यासक्रमात त्यांना दिसलं नाही, तर अभिरुची म्हणजे दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट असाच समज घेऊन ती बाहेर पडतील. मला या अभ्यासक्रमाची सगळ्यात जास्त तळमळ आहे ती याच कारणाने.

एकाच वस्तूवर एवढा वेळ घालवला तर ‘व्याप्ती’ कमी पडते, हा आक्षेप तुमच्या अभ्यास मंडळात नक्की येईल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर चित्ररसग्रहण शिकवताना ‘पथेर पांचाली’ हा एकच चित्रपट बारीक तुकड्यांत उलगडून दाखवायचे, याची आठवण तिथे करून द्या. एक चित्रपट नीट बघायला शिकलेला माणूस दुसरा चित्रपट त्याच डोळ्यांनी बघतो. पन्नास चित्रपटांची नावं ऐकलेल्याचं तसं होत नाही. व्याप्ती हवीच असेल तर शेवटचे सहा तास ‘दुसरी वस्तू’ म्हणून ठेवा आणि तिथे मुलांनाच निवड करू द्या.

इथवर मी दोन गोष्टी सांगितल्या: विषयांऐवजी वस्तूपासून सुरुवात, आणि सिद्धान्ताच्या आधी निरीक्षण. आता तुमच्या जिल्ह्याकडे येते.

तुमच्याकडे येवला आहे, म्हणजे पैठणी आहे. तंबोऱ्याइतकीच ती या कामाला योग्य वाटते, कदाचित जास्तच, कारण तिच्याबद्दल प्रत्येक घरात मत असतं. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या तुकड्याला आडवा धागा वेगळा असतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात तो गुंतवला जातो. त्यामुळे मोर किंवा कमळ पाठीमागूनही जवळजवळ तसंच दिसतं. यंत्रावरच्या नकलेत पाठीमागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. पहिल्या तासाला दोन्ही पदर भिंगासकट मुलांच्या हातात द्या आणि कुठला खरा ते सांगू नका. उभ्या आणि आडव्या धाग्याचे रंग वेगळे असले की कापड हलवताना रंग बदलतो, त्या धूपछावेत प्रकाशाचा प्रश्न आहे. मोराच्या मानेची गोलाई चौकटीच्या पायऱ्यांमध्ये कशी बसवायची हा बीसीएच्या मुलांच्या ओळखीचा प्रश्न आहे. पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये ते तेच करतात. रेशमावरचा चिकट थर काढून टाकल्याशिवाय रंग आणि झळाळी का येत नाही, हे रसायनशास्त्राचं. येवल्याच्या पैठणीला २०१० साली मानांकन मिळालं, तरी यंत्रमागाचं कापड त्याच नावाने विकलं जातं, हे वाणिज्याचं आणि कायद्याचं. विणणाऱ्या घरातल्या बाईच्या अंगावर पैठणी कधी येते, आणि टीव्हीवरच्या खेळात ती बक्षीस म्हणून का दिली जाते, हा समाजशास्त्राचा प्रश्न. मराठी कवितेत पैठणी कशी आली आहे हे तर तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

वस्तू निवडताना मी स्वतःला काही प्रश्न विचारते. ती प्रत्यक्ष वर्गात आणता येते का, किंवा मुलांना तिच्यापुढे दोन तास बसवता येतं का? ती करणारी माणसं आज हयात आहेत का आणि बोलायला तयार आहेत का? निदान तीन विभागांना तिच्याबद्दल खरा प्रश्न पडतो का, की ओढूनताणून नातं जोडावं लागतंय? आणि तिच्याबद्दल मतभेद आहेत का? वाद नसलेली वस्तू सत्रभर पुरत नाही. या कसोट्यांवर गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीचं नाटक उत्तम उतरेल. पीक हाती आल्यावर त्याचा हंगाम सुरू होतो, म्हणून त्यात शेतीचं अर्थशास्त्रही येतं. सिंधुदुर्गात पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला; गोव्यात आणि कोकणात देवळांच्या भिंतींवरचं कावी काम, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगातलं कोरीव चित्रकाम. अजिंठ्याजवळ असाल तर एकच चित्र घ्या: माती आणि भुशाचा गिलावा, गेरूचे रंग, दूरवरून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा आणि जातककथा, हे सगळं एका भिंतीवर आहे. आणि जवळपास काहीच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या बाजारपेठेतल्या देवनागरी पाट्या घ्याव्यात. त्या सगळीकडे आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

आता कागदावरचं काम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी निघालेल्या २०२३ च्या शासन निर्णयातल्या रचनेनुसार खुला ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. त्यामुळे मिश्र वर्ग आयताच मिळतो, ही मोठी सोय आहे. दोन्ही क्रेडिट तात्त्विक घेतले तर तीस तास मिळतात. एक क्रेडिट तात्त्विक आणि एक प्रात्यक्षिक घेतलं तर पंधरा आणि तीस मिळून पंचेचाळीस. दुसरा पर्याय घ्या. प्रात्यक्षिकाचे तास सलग दोन-दोन मागा. पन्नास मिनिटांच्या तासिकेत हजेरी घेऊन वस्तू बाहेर काढेपर्यंत घंटा होते. अभ्यासपत्रिकेत ‘पैठणी’ असं लिहू नका. ‘परिसरातील एक निवडक कलावस्तू किंवा कलाप्रकार, प्रत्येक वर्षी विभागीय समिती ठरवेल’ असं लिहा, म्हणजे वस्तू बदलायला पुन्हा विद्या परिषदेपर्यंत जावं लागणार नाही. युनिटांची नावं क्रियांवरून द्या: निरीक्षण आणि वर्णन, घडण आणि साहित्य, बाजार आणि समाज, निर्णय आणि युक्तिवाद. चार युनिटांचा रकानाही भरतो आणि शिकवण्याची दिशाही नोंदली जाते.

साप्ताहिक तास मिळतच नसतील तर सलग काही दिवसांचा गट करून बघा. गोवा विद्यापीठात दि. द. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा यांच्या नावाची अभ्यागत अध्यासनं आहेत आणि त्यांचे छोटे अभ्यासक्रम नागरिकांसाठीही खुले असतात. वर्गात गावातला एखादा निवृत्त विणकर किंवा दुकानदार बसला की चर्चेचा पोत बदलतो. तुमच्या नियमांत बसत असेल तर चार जागा बाहेरच्यांसाठी ठेवा.

शिक्षकांबद्दल माझं म्हणणं असं की पाच जण आळीपाळीने येण्यापेक्षा दोघे बहुतेक तासांना एकत्र असावेत. तिसऱ्या-चौथ्याला गरज लागेल तेव्हा बोलवा. दोघांनी मुलांसमोर असहमत व्हावं. आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी म्हणतात की चांगली जवारी मोजता येईल, मी म्हणते चांगली कुठली हे आधी कुणीतरी ऐकून ठरवायला हवं. हा वाद दरवर्षी होतो आणि आम्ही तो मिटवत नाही. दोन विद्या एकाच गोष्टीकडे वेगळं बघतात हे मुलांना तेव्हाच खरं वाटतं. कार्यभाराचा प्रश्न आधी लेखी सोडवून घ्या. तात्त्विक क्रेडिट एका विभागाकडे आणि प्रात्यक्षिक दुसऱ्याकडे, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी मान्य होते.

कारागिराला ‘प्रात्यक्षिक दाखवायला’ बोलावू नका, शिकवायला बोलवा. पत्र त्याच्या नावाने द्या, मानधन शिक्षकाइतकं द्या आणि ते त्याच महिन्यात मिळेल अशी आधीच तजवीज करा. माग बंद ठेवून येणाऱ्याची त्या दिवसाची कमाई बुडते. स्थानिक कलाकार-कारागिरांना निवासी म्हणून उच्च शिक्षणसंस्थांशी जोडण्याच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. लेखा विभागाने हरकत घेतली तर त्या पुढे करा. मुलांना घेऊन त्याच्या घरी जाणार असाल तर साठ जणांचा घोळका नेऊ नका. दहा-बारांचे गट करा आणि प्रत्येक गटाने आधी प्रश्न लिहून काढलेले असू द्या.

मूल्यमापनावर थोडं थांबते, कारण अभ्यासक्रम शेवटी परीक्षेच्या आकाराचाच होतो. ‘सौंदर्याची व्याख्या लिहा’ असा प्रश्न असेल तर मुलं व्याख्या पाठ करतील आणि सत्रभराचं निरीक्षण वाया जाईल. आवडीनिवडीला गुण देता येत नाहीत, हे खरं. पण चार गोष्टींना देता येतात. नोंद किती नेमकी आहे? निरीक्षण आणि मत वेगळं ठेवलंय का? स्वतःच्या शाखेबाहेरचं एखादं साधन समजून वापरलंय का? मत बदललं असेल किंवा ठाम राहिलं असेल तर कारण दिलंय का? हे चार निकष पहिल्याच तासाला मुलांना छापील द्या.

नोंदवही वर्गातच, हाताने लिहून घ्या. घरी लिहायला दिलेला ‘कलास्वादपर निबंध’ आता यंत्राकडून दोन मिनिटांत मिळतो आणि तो सफाईदार असतो. समोर वाजणाऱ्या तंबोऱ्याची किंवा हातातल्या पदराची त्या क्षणाची नोंद मात्र लिहिणाऱ्यालाच करावी लागते. साठ वह्या पूर्ण वाचणं शक्य नाही, म्हणून प्रत्येकाने आपली तीन पानं निवडून द्यावीत आणि ती का निवडली ते पाच ओळींत लिहावं. ती पाच ओळींची टीप बहुधा वहीपेक्षा जास्त सांगते. सत्राच्या शेवटी तीच वस्तू पुन्हा समोर ठेवा, पहिल्या दिवसाइतकाच वेळ द्या आणि नवी नोंद करून घ्या. दोन नोंदींमधला फरक विद्यार्थ्याने स्वतःच मांडायचा. अंतर्गत गुणांचा मोठा भाग आम्ही याला देतो.

लेखी परीक्षा टाळता येत नसेल, आणि बहुतेक ठिकाणी येत नाही, तर प्रश्नपत्रिकेत न पाहिलेली वस्तू द्या. एखादं रंगीत छायाचित्र छापता येतं, एखादी चीज सभागृहात वाजवता येते. ‘यात काय दिसतं ते वीस ओळींत लिहा. यातल्या एका बाबीचा खुलासा करायला तुम्हाला कुठल्या विषयाच्या माणसाची गरज लागेल आणि तुम्ही त्याला काय विचाराल?’ हा दुसरा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. उत्तर माहीत असण्याची गरज नाही, प्रश्न नेमका हवा. सहपरीक्षकाला निकषांचा कागद आणि दोन नमुना उत्तरं आधी द्या. नाहीतर तो पानं मोजून गुण देईल.

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही गात नाही, चित्र काढत नाही, आणि तरी हा विषय तुमच्याकडे असावा असं मला वाटतं. भाषेच्या शिक्षकाकडे या कामातलं सर्वांत गरजेचं कौशल्य आधीच असतं. ‘छान वाटलं’ या वाक्यापाशी विद्यार्थ्याला थांबू न देता ‘म्हणजे नेमकं काय?’ असं त्याला विचारत राहणं, हेच तुम्ही कवितेच्या तासाला रोज करता. ज्या गोष्टीत तुम्हाला गती नाही, तिथे मुलांबरोबर तुम्हीही वहीत लिहा. आमच्या वर्गात दोन्ही शिक्षक पहिल्या तासाला लिहितात आणि आपली नोंद सगळ्यांबरोबर वाचतात. एकच अट: सत्र सुरू होण्याआधी त्या वस्तूबरोबर स्वतः पुरेसा वेळ घालवा. जून उजाडण्याआधी येवल्याला दोन-तीनदा जाऊन एका मागाजवळ दिवसभर बसा, विणकराला वेळ असेल तेव्हाच बोला, आणि तुमच्या बरोबर निदान एक विज्ञानाचा आणि एक वाणिज्याचा सहकारी न्या. त्या दोघांना तिथे कुठले प्रश्न पडतात ते लिहून काढा. अभ्यास मंडळापुढे ठेवायचा मसुदा त्या प्रश्नांवरून तयार करा. मसुदा झाला की इथेच टाका, युनिटनिहाय बघून सांगते.